दोन्ही घरचा पाहुणा उपाशी

१२ मे २०१७, शुक्रवार. इंग्लंडमधल्या अनेक रुग्णालयांत दुपारच्या सुमारास संगणकांच्या पडद्यांवर एकाएकी लाल चौकट उमटली. 'तुमच्या फायली कुलूपबंद झाल्या आहेत. त्या परत हव्या असतील तर तीनशे डॉलर बिटकॉइनमध्ये भरा', असा त्यातला मजकूर होता. एका संगणकावरून दुसऱ्यावर, एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत ही चौकट पसरत गेली. डॉक्टरांना रुग्णाचा जुना इतिहास दिसेना, रक्ताचे अहवाल उघडेनात, ठरलेल्या भेटींची यादी मिळेना. परिचारिकांनी कागद-पेन काढले. ज्या रुग्णालयांत हा विषाणू शिरला नव्हता, त्यांनीही भीतीपोटी ई-मेल बंद केले. मग कर्मचारी स्वतःच्या मोबाइलवरून, व्हॉट्सअ‍ॅपवरून एकमेकांना निरोप धाडू लागले. पाच भागांत तर तातडीच्या रुग्णांना नेहमीच्या रुग्णालयाऐवजी दूरच्या रुग्णालयात जावे लागले.

'वॉनाक्राय' नावाच्या या विषाणूने त्या दिवशी दीडशेहून अधिक देशांत धुमाकूळ घातला. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेवर, म्हणजे एनएचएसवर, तो मुद्दाम सोडलेला नव्हता. दार उघडे दिसले म्हणून तो आत शिरला. इंग्लंडमधल्या २३६ रुग्णालय संस्थांपैकी किमान ८० संस्थांना त्याची झळ बसली. त्याशिवाय ५९५ फॅमिली डॉक्टरांचे दवाखाने बाधित झाले. रद्द झालेल्या ६,९१२ भेटींची नोंद सापडली, प्रत्यक्षातला आकडा १९ हजारांवर असावा असा अंदाज नंतर काढण्यात आला. त्यात शस्त्रक्रियाही होत्या.

हा हल्ला थांबवला तो कोणत्याही सरकारी यंत्रणेने नव्हे. इंग्लंडच्या समुद्रकाठच्या एका गावात राहणाऱ्या मार्कस हचिन्स या २२ वर्षांच्या तरुणाला विषाणूची चिरफाड करताना एक गोष्ट दिसली. पसरण्याआधी तो इंटरनेटवरचा एक विचित्र पत्ता शोधत होता आणि तसा पत्ता कुणी नोंदवलेलाच नव्हता. हचिन्सने दहा-अकरा डॉलर भरून तो पत्ता स्वतःच्या नावावर केला. पत्ता सापडल्याबरोबर विषाणूचा प्रसार थांबला.

एवढ्या मोठ्या यंत्रणेची सुटका अशी योगायोगाने झाली. त्यानंतर चौकशी सुरू झाली आणि खरी गोष्ट तिथून पुढे आहे.

इशारा मिळाला होता

भारतात जे काम कॅग करते, तेच काम ब्रिटनमध्ये राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालय करते. या कार्यालयाचा अहवाल ऑक्टोबर २०१७ मध्ये आला. त्यात सर्वाधिक खटकणारी बाब अशी की, ज्या फटीतून वॉनाक्राय शिरला, ती बुजवण्याचा उपाय मायक्रोसॉफ्टने हल्ल्याच्या जवळजवळ दोन महिने आधी, १४ मार्चलाच उपलब्ध करून दिला होता. एनएचएसची तेव्हाची माहिती-तंत्रज्ञान संस्था 'एनएचएस डिजिटल' हिने मार्चमध्ये आणि पुन्हा एप्रिलमध्ये सर्व रुग्णालयांना तातडीचा इशाराही पाठवला होता. संगणक अद्ययावत करा, असे त्यात स्पष्ट म्हटले होते.

मग चूक कुणाची? आरोग्य खात्याचे म्हणणे, धोरण आम्ही ठरवले होते. एनएचएस डिजिटलचे म्हणणे, इशारा आम्ही दिला होता, पण एखाद्या रुग्णालयाला सक्ती करण्याचा अधिकार आम्हाला नव्हता. रुग्णालयांचे म्हणणे, इशारे रोजच येतात, आणि संगणक बंद करून अद्ययावत करायचे तर चालू असलेली रुग्णसेवा थांबवावी लागते. प्रत्येकाच्या म्हणण्यात तथ्य होते. फक्त एक काम कुणाच्याच यादीत नव्हते. इशारा मिळाल्यावर रुग्णालयाने तो अमलात आणला की नाही, हे विचारायचे काम. तशी पाहणी करण्याची रीतसर व्यवस्थाच आरोग्य खात्याकडे नव्हती, असे लेखापरीक्षकांनी नोंदवले.

हल्ल्यापूर्वी एनएचएस डिजिटलने ८८ रुग्णालय संस्थांची जागेवर जाऊन तपासणी केली होती. त्यांतली एकही उत्तीर्ण झाली नव्हती. म्हणजे निकाल माहीत होता. पण नापास झालेल्याला पुढे काय, हे कुठे लिहिलेले नव्हते. त्याआधी जुलै २०१६ मध्ये दोन स्वतंत्र अहवालांनी संगणकीय हल्ल्याचा धोका दाखवून दिला होता. सरकारचे रीतसर उत्तर आले ते जुलै २०१७ मध्ये, हल्ला होऊन गेल्यानंतर.

मराठीत अशा अवस्थेला नेमकी म्हण आहे: दोन्ही घरचा पाहुणा उपाशी. या घरच्यांना वाटते तो त्या घरी जेवला असेल, त्या घरच्यांना वाटते या घरी. दोन्ही घरी स्वयंपाक झालेला असतो, आतिथ्यात कमतरता नसते, तरी पाहुणा भुकेलाच निजतो. राष्ट्रीय आरोग्य यंत्रणा डिजिटल होते, तेव्हा अशी घरे दोन नसतात, शेकडो असतात. आणि पाहुणा असतो रुग्ण.

एका गोळीचा प्रवास

ही घरे किती आणि कोणती, हे समजण्यासाठी साधे उदाहरण पुरेसे आहे. इंग्लंडमधल्या एखाद्या आजीबाईंना फॅमिली डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी लिहून दिली. कागदाची चिठ्ठी आता क्वचितच वापरली जाते. डॉक्टर आपल्या संगणकावर औषध निवडतात. ते सॉफ्टवेअर खासगी कंपनीचे असते. डॉक्टर स्वतः सरकारी नोकर नसतो. तो एनएचएसशी करार केलेला स्वतंत्र व्यावसायिक असतो आणि त्याच्या दवाखान्यातल्या नोंदींना कायद्याने तोच जबाबदार असतो. तिथून औषधाची नोंद 'स्पाइन' नावाच्या राष्ट्रीय केंद्रात जाते. स्पाइन म्हणजे पाठीचा कणा. एनएचएसच्या हजारो यंत्रणांना जोडणारा तो दुवा सरकार चालवते. आजीबाई कोण, हे त्यांच्या दहा अंकी एनएचएस क्रमांकावरून तिथे ओळखले जाते. मग औषधाच्या दुकानातला फार्मासिस्ट ती नोंद उतरवून घेतो. दुकान खासगी, तिथले सॉफ्टवेअर आणखी दुसऱ्याच कंपनीचे.

आजीबाईंना गोळ्या घरी आणून देणारी, वेळेवर घ्यायची आठवण करणारी मदतनीस बाई येत असेल, तर साखळी आणखी लांबते. वृद्ध, दिव्यांग आणि एकट्या राहणाऱ्यांना रोजच्या जगण्यात मदत करण्याच्या या सेवेला तिथे 'सोशल केअर' म्हणतात. ती एनएचएसच्या अखत्यारीत येत नाही. ती पाहणे स्थानिक पालिकेचे काम, आणि प्रत्यक्ष मदतनीस बहुतेक वेळा खासगी संस्थेची. तिच्या मोबाइलमधले अ‍ॅप तिसऱ्या कंपनीचे.

एक गोळी, आणि तिच्यामागे सरकार, डॉक्टर, दुकानदार, पालिका, निगा संस्था आणि तीन सॉफ्टवेअर कंपन्या. यातल्या प्रत्येकाने आपापले काम चोख केले, तरी दोन कामांच्या सांध्यात काही निसटू शकते. डॉक्टरांनी गोळीची मात्रा बदलली, पण मदतनीस बाईच्या अ‍ॅपमध्ये जुनीच मात्रा राहिली, तर जबाबदार कोण?

सगळे एकाच्या हाती दिले तर?

यावर सोपा वाटणारा उपाय म्हणजे सगळा कारभार एकाच ठिकाणी ठेवणे. इंग्लंडने तोही करून पाहिला होता. २००२ मध्ये तिथे एक महाप्रकल्प सुरू झाला. सर्व रुग्णालयांसाठी वरून ठरवलेली संगणक प्रणाली, मोजके मोठे कंत्राटदार, लंडनमधून नियंत्रण. अब्जावधी पौंड खर्च झाले. डॉक्टरांना मात्र न विचारता बनवलेली प्रणाली गळी उतरेना, काही कंत्राटदार बाहेर पडले, आणि सप्टेंबर २०११ मध्ये सरकारने तो प्रकल्प गुंडाळत असल्याचे जाहीर केले. त्यातले काही भाग मात्र टिकले. स्पाइन हा त्यांपैकीच एक.

यातून मिळालेला धडा असा: जिथे सगळ्यांना एकच गोष्ट लागते, जसे की रुग्णाची ओळख किंवा औषधाच्या नोंदीची देवघेव, ती केंद्राने सांभाळावी. जिथे काम प्रत्येक ठिकाणी वेगळे, तिथला निर्णय त्या ठिकाणच्या माणसांनी घ्यावा. म्हणजे जबाबदारी वाटून घेणे टाळता येत नाही. प्रश्न ती कशी वाटायची हा आहे. वॉनाक्रायने दाखवून दिले की वाटणी झाली होती, पण तिचे सांधे उघडे राहिले होते.

याचे बोलके उदाहरण एमआरआयसारख्या तपासणी यंत्रांचे. हल्ल्यात १,२२० तपासणी उपकरणे बाधित झाली. त्यांतल्या काही यंत्रांच्या पोटात विंडोज एक्सपीसारखी जुनी प्रणाली बसवलेली होती. यंत्र रुग्णालयाच्या मालकीचे, पण त्यातला संगणक उघडून अद्ययावत करणे रुग्णालयाच्या हातात नव्हते. ते काम यंत्र पुरवणाऱ्या कंपनीचे. कंपन्यांकडून मदत मात्र अनेकदा वेळेवर मिळाली नाही. यंत्र विकत घेताना किंमत, हमी, दुरुस्ती यांवर घासाघीस झाली असेल. पुढची दहा वर्षे त्यातला संगणक कोण सांभाळणार, हा प्रश्न करारात आलाच नव्हता.

हल्ल्याच्या दिवशीही तेच झाले. संकटाच्या वेळी काय करायचे याचा आराखडा आरोग्य खात्याकडे होता, पण स्थानिक पातळीवर त्याची रंगीत तालीम कधी झाली नव्हती. त्यामुळे रुग्णालयांनी कुणी पोलिसांना, कुणी एनएचएसच्या एका संस्थेला, कुणी दुसऱ्याच संस्थेला कळवले. दुपारी चारच्या सुमारास एनएचएस इंग्लंडने मोठे संकट जाहीर करून सूत्रे हाती घेतली, तोवर नेतृत्व कुणी करायचे हेच स्पष्ट नव्हते.

खुर्चीला नाव

फेब्रुवारी २०१८ मध्ये एनएचएसचे तेव्हाचे माहिती-तंत्रज्ञान प्रमुख विल स्मार्ट यांनी २२ शिफारशींचा अहवाल दिला. त्याचा गाभा तांत्रिक कमी आणि प्रशासकीय जास्त होता. संगणकाची सुरक्षा हे तळघरातल्या तंत्रज्ञांचे काम आहे, ही समजूत सोडा. ती संचालक मंडळाची जबाबदारी आहे आणि मंडळावरच्या एका व्यक्तीचे नाव तिच्यापुढे असले पाहिजे. त्याच वर्षीपासून रुग्णांची माहिती हाताळणाऱ्या प्रत्येक संस्थेला दरवर्षी ठरावीक निकषांवर आपली सुरक्षा तपासून अहवाल भरणे आले. रुग्णालयेच नव्हेत, तर दवाखाने, औषध दुकाने, निगा संस्था आणि पुरवठादार कंपन्याही त्यात आल्या.

'खुर्चीला नाव' ही कल्पना तिथे नवी नव्हती. १९९७ मध्ये डेम फिओना कॅल्डिकॉट यांच्या समितीने रुग्णांच्या गोपनीय माहितीचा अभ्यास केला आणि प्रत्येक संस्थेत या माहितीचा एक राखणदार असावा असे सुचवले. आजही त्या पदाला 'कॅल्डिकॉट गार्डियन' म्हणतात. रुग्णाची माहिती कुणाला द्यावी, कुणाला देऊ नये, असा पेच पडला की संस्थेतल्या सगळ्यांना माहीत असते की कुणाचे दार ठोठवायचे.

याहून नेमकी व्यवस्था आहे ती सॉफ्टवेअरच्या रुग्ण-सुरक्षेची. इंग्लंडमध्ये आरोग्याच्या सॉफ्टवेअरसाठी दोन जोडमानके आहेत. एक बनवणाऱ्याला लागू, दुसरे वापरणाऱ्याला. कंपनीने विक्रीआधी शोधायचे की या सॉफ्टवेअरमुळे रुग्णाला काय अपाय होऊ शकतो आणि तो टाळण्यासाठी काय केले आहे. रुग्णालयाने पुन्हा तेच, पण आपल्या वॉर्डात, आपल्या माणसांच्या हाती ते वापरताना काय होईल याचा विचार करून. दोन्हीकडे या कामासाठी एक जबाबदार अधिकारी नेमावा लागतो आणि तो नोंदणीकृत डॉक्टर, परिचारिका किंवा तत्सम आरोग्य व्यावसायिकच असावा लागतो. एका घरचा यजमान दुसऱ्या घरच्याला लेखी सांगतो, 'मी एवढे वाढले आहे, उरलेले तुमच्याकडे.' सांधा बुजवण्याचा याहून साधा मार्ग नाही.

किल्ली कुठे ठेवली आहे

तरीही सांधे पुन्हा उसवले. ऑगस्ट २०२२ मध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड' या सॉफ्टवेअर कंपनीवर खंडणीखोरांनी हल्ला केला. तातडीच्या सल्ल्यासाठी लोक ज्या १११ क्रमांकावर फोन करतात, ती सेवा कंपनीच्या प्रणालीवर चालत होती. अनेक मानसोपचार संस्थांच्या नोंदीही कंपनीच्याच सॉफ्टवेअरमध्ये होत्या. १११ वर बसलेल्यांनी पुन्हा कागद काढले. मानसोपचार संस्थांत तर रुग्णाच्या जुन्या नोंदी दिसणे कित्येक आठवडे बंद राहिले.

चोर शिरले ते एका ग्राहकाच्या खात्यातून. त्या खात्याला पासवर्डनंतर मोबाइलवर येणाऱ्या सांकेतिक अंकांसारखी दुसरी कडी नव्हती. ही कडी कंपनीने काही ठिकाणी लावली होती, सगळीकडे नव्हती. एकूण ७९,४०४ लोकांची माहिती चोरांच्या हाती लागली. त्यांत ८९० लोक असे होते, ज्यांना घरी येऊन निगा पुरवली जात होती. त्यांच्या नोंदीत घरात प्रवेश कसा करायचा, हेही लिहिलेले होते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दार उघडता येत नाही, म्हणून मदतनिसासाठी लिहून ठेवलेला हा तपशील. तो अनोळखी चोरांच्या हाती गेला. संगणकातली चोरी म्हणजे काहीतरी अदृश्य, आभासी, असे वाटणाऱ्यांनी या ८९० घरांचा विचार करावा.

मार्च २०२५ मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तालयाने या कंपनीला ३० लाख ७० हजार पौंडांचा दंड केला. दंडापेक्षा महत्त्वाचे होते ते त्यामागचे तत्त्व. रुग्णांची माहिती कंपनीच्या मालकीची नव्हती. एनएचएस आणि निगा संस्थांच्या वतीने ती फक्त सांभाळत होती. अशा 'दुसऱ्याच्या वतीने' माहिती हाताळणाऱ्या कंपनीला त्या आयुक्तालयाने केलेला हा पहिलाच दंड. 'आम्ही फक्त पुरवठादार' ही सबब यापुढे चालणार नाही, असा त्याचा अर्थ.

रक्तगट ओ

जून २०२४ मध्ये लंडनमध्ये जे घडले, त्यात किंमत पैशांत मोजता येणार नव्हती. सिनोव्हिस ही प्रयोगशाळा-सेवा म्हणजे एक खासगी कंपनी आणि दोन मोठ्या रुग्णालय संस्था, गाइज अँड सेंट थॉमस आणि किंग्ज कॉलेज हॉस्पिटल, यांची भागीदारी. आग्नेय लंडनमधली रुग्णालये आणि दवाखाने रक्ताच्या तपासण्या तिच्याकडे पाठवत. ३ जूनला तिच्यावर खंडणीखोरांचा हल्ला झाला. रुग्णालयांचे स्वतःचे संगणक शाबूत होते, पण रक्त तपासणार कोण?

रुग्णाचा रक्तगट नेहमीच्या वेगाने जुळवता येईना. अशा वेळी डॉक्टर ओ गटाचे रक्त वापरतात, कारण ते बहुतेकांना चालते. ओ गटाचा साठा झपाट्याने उतरू लागला आणि देशभरातल्या ओ गटाच्या दात्यांना रक्तदानाचे आवाहन करावे लागले. एका प्रयोगशाळेच्या संगणकातली फट बुजेपर्यंत दुसऱ्या शहरातल्या माणसाला दंडात सुई टोचून घ्यावी लागली. दोन्ही रुग्णालय संस्थांत मिळून दहा हजारांहून अधिक बाह्यरुग्ण भेटी आणि १,७१० नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या.

वर्षभराने, जून २०२५ मध्ये, किंग्ज कॉलेज हॉस्पिटलने सांगितले की, हल्ल्याच्या काळात एका रुग्णाचा अनपेक्षित मृत्यू झाला होता. त्याची चौकशी झाली. मृत्यूला कारणीभूत ठरलेल्या अनेक गोष्टींपैकी एक होती रक्ताचा अहवाल मिळायला झालेला मोठा उशीर. त्या रुग्णाचे नाव जाहीर झालेले नाही. पण जबाबदारीची वाटणी हा कार्यालयीन टिपणीचा विषय आहे, असे आता कुणी म्हणू शकत नाही.

दरम्यान इंग्लंडमधली वरची घरेही बदलत आहेत. एनएचएस डिजिटल फेब्रुवारी २०२३ मध्ये एनएचएस इंग्लंडमध्ये विलीन झाली, आणि मार्च २०२५ मध्ये खुद्द एनएचएस इंग्लंड बरखास्त करून तिचे काम आरोग्य खात्याकडे नेण्याचे जाहीर झाले. घर बदलताना सामानाची यादी करावी लागते. जुन्या संस्थेकडची कोणती जबाबदारी कुणाकडे गेली, हे लिहिले नाही तर पुढचा पाहुणा उपाशी राहण्याची तजवीज होते.

मुंबई-पुण्यापासून गडचिरोलीपर्यंत

भारतातल्या वाचकाला यातले काही ओळखीचे वाटेल. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर असाच हल्ला झाला. सुमारे दोन आठवडे नोंदणी, अहवाल, बिले हे सारे हाताने लिहावे लागले. संसदेत सरकारने दिलेल्या उत्तरानुसार पाच सर्व्हर बाधित झाले होते, आणि कारण होते संगणक-जाळ्याची योग्य विभागणी नसणे. म्हणजे एका खोलीत चोर शिरला तर दुसऱ्या खोलीचे दार बंद असावे, तसे ते नव्हते. एम्समध्ये वापरले जाणारे ई-हॉस्पिटल हे सॉफ्टवेअर केंद्राच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे. संगणक व्यवस्था मात्र एम्सच सांभाळत होती, असे सरकारने सांगितले. सॉफ्टवेअर एकाचे, सर्व्हर दुसऱ्याकडे. सांधा तिथेही होताच.

आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले. त्यात प्रत्येकाला १४ अंकी 'आभा' क्रमांक घेता येतो. या योजनेची रचना समजून घेणे गरजेचे आहे, कारण अनेकांना वाटते की आभा काढले म्हणजे आपले सगळे अहवाल दिल्लीतल्या एखाद्या महासंगणकात जाऊन बसतात. तसे नाही. अहवाल जिथे तयार झाला, त्या रुग्णालयात किंवा प्रयोगशाळेतच राहतो. रुग्णाने संमती दिली की तेवढाच अहवाल दुसऱ्या डॉक्टरांपर्यंत पोहोचतो. केंद्राकडे ओळख आणि देवघेवीचा रस्ता, अहवालाची राखण ज्याची त्याच्याकडे. इंग्लंड खर्चिक अनुभवातून ज्या वाटणीवर आले, तिच्या जवळचीच ही रचना.

पण 'ज्याच्या त्याच्याकडे' म्हणजे कुणाकडे? महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी दहा-वीस खाटांचे एखादे रुग्णालय. नवरा-बायको दोघे डॉक्टर. सॉफ्टवेअर बाहेरून घेतलेले, माहिती पुरवठादाराच्या क्लाउडवर. पासवर्ड स्वागतकक्षाच्या टेबलावर चिकटवलेला. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यानुसार, माहिती कशासाठी घ्यायची हे जो ठरवतो तो मुख्य जबाबदार, म्हणजे इथे डॉक्टर दांपत्य. पुरवठादाराने हलगर्जी केली तरी कायद्यापुढे उत्तर द्यायचे ते यांनीच. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदी लागू होण्यासाठी १८ महिन्यांची मुदत मिळाली. ब्रिटनमध्ये पुरवठादाराला थेट दंड होऊ शकतो. भारतात त्याला बांधून घ्यायचे तर ते डॉक्टरांनी करारातच केले पाहिजे. म्हणून ही मुदत करार काढून वाचण्याची आहे.

शिवाय आरोग्य हा राज्यघटनेनुसार राज्यांचा विषय. अ‍ॅप केंद्राचे, कर्मचारी राज्याचे, अशी वाटणी इथे वरचेवर होते. अंगणवाड्यांच्या 'पोषण ट्रॅकर' अ‍ॅपच्या वेळी तिचा अनुभव महाराष्ट्राने घेतला. अ‍ॅप केंद्राने बनवलेले, फोन राज्याने दिलेले, आणि माहिती भरणारी अंगणवाडी सेविका. फोन जुने आणि अडकणारे, अ‍ॅप इंग्रजीत. २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते फोन सरकारला परत केले. फोन चालत नाही म्हणून अ‍ॅपवाले राज्याकडे बोट दाखवत होते, भाषा कळत नाही म्हणून राज्य केंद्राकडे. माहिती भरली नाही याचा जाब मात्र सेविकेला विचारला जात होता. वाटणीत ज्याच्या हाती सगळ्यात कमी अधिकार, त्याच्या पदरी सगळ्यात जास्त दोष.

विचारायचे प्रश्न

यात सामान्य माणसाने काय करायचे? तंत्रज्ञान कळलेच पाहिजे असे नाही. चार साधे प्रश्न पुरेसे आहेत. माझी माहिती कुठे ठेवली आहे, तुमच्या संगणकात की बाहेरच्या कंपनीकडे? ती कोणकोण पाहू शकते? संगणक बंद पडला तर उपचार कसे चालणार? आणि काही चुकले तर मी नेमके कुणाला विचारायचे? शेवटच्या प्रश्नाला 'आमच्या आयटीवाल्यांना' हे उत्तर मिळाले, तर ते उत्तर नव्हे. तिथे माणसाचे नाव हवे.

रुग्णाने आपली कागदपत्रे मागितल्यास डॉक्टरांनी ७२ तासांत द्यावीत, असा नियम भारतात २००२ पासून आहे. दीर्घकाळच्या आजारात चालू औषधांची यादी, ऍलर्जी, रक्तगट आणि शेवटच्या तपासण्यांची एक प्रत घरात कागदावर असणे आजही शहाणपणाचे. संगणकावर अविश्वास म्हणून नव्हे. साखळीतला शेवटचा सांधा रुग्णाच्या स्वतःच्या हातात असतो म्हणून.

रुग्णालये आणि सरकारांसाठीचा धडा वॉनाक्रायच्या अहवालात आहेच. इशारा पाठवणे हे अर्धे काम. उरलेले अर्धे म्हणजे तो अमलात आला का, हे विचारणारा माणूस नेमणे आणि त्याला उत्तर मागण्याचा अधिकार देणे. लग्नघरात पंगत उठल्यावर घरातली एखादी जाणती बाई फिरून विचारते, 'कुणी जेवायचे राहिले का?' ती स्वयंपाक करत नाही, वाढतही नाही. पण ती असते म्हणून कुणी उपाशी निजत नाही.